साडूभाऊंचा ठेवायचा माल

पुण्यात ज्या दिवशी आमचे साडूभाऊ एखादा शेअर विकत घेतात, त्या दिवशी तो इतरांनी विकून मोकळं व्हावं, असा आमच्या नात्यागोत्यात नियम आहे आणि माझ्या पाहण्यात तो एकदाही चुकलेला नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे कोणी पैसे गुंतवायचं ठरवलं की आधी त्यांना फोन करतो, तब्येतीची चौकशी करतो, पावसापाण्याचं बोलतो आणि मग सहज विचारल्यासारखं विचारतो, "सध्या काय घेतलंत?" ते मोकळेपणानं सांगतात. ऐकणारा तेवढी कंपनी टाळतो आणि सुखी होतो. माझ्या धाकट्या मेव्हण्यानं अशी एक कंपनी वेळेवर सोडली आणि त्या पैशांत स्कूटर घेतली. स्कूटरचे पेढे द्यायला तो पहिल्यांदा साडूभाऊंकडेच गेला. पेढा तोंडात टाकून ते मला म्हणाले, "लोक मला विचारल्याशिवाय व्यवहार करत नाहीत." आयुष्यभर मी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याची नोकरी केली. या वाक्यात मला चूक काढता आली नाही.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. विशीत हडपसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आले आणि पुण्यात राहायचं तर पुण्यासारखंच बोलायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की पेठेत जन्मलेल्या माणसालाही त्यांच्यासमोर आपलं बोलणं जरा ढिलं वाटावं. 'ळ' आणि 'ण' तर असे ठणठणीत, की फोनवर ऐकतानासुद्धा आपण सावरून बसतो. पण हे सगळं बाजार वर असेपर्यंत. बाजार पडला की त्यांची भाषाही गडगडते आणि थेट भंडाऱ्याला जाऊन थांबते. सकाळी फोन आला आणि "जयभीम, आपला चहा झाला का?" असं ऐकू आलं, की समजावं, निर्देशांक वर आहे. "जयभीम. काऊन बा, पडूनच राह्यलं नं सारं" असं आलं, की बातम्या लावायची गरज नाही. माझी बायको तर स्वयंपाकघरातून माझं नुसतं "हो का? असू द्या, असू द्या" ऐकून विचारते, "आज फारच पडला का?"

कारखान्यात त्यांच्याकडे बाहेरून येणारा माल तपासून आत घ्यायचं काम होतं. नट, बोल्ट, बेअरिंगं, पत्रे, जे काही ट्रकमधून उतरेल ते मोजायचं, मापायचं, चालवून बघायचं. ठीक असेल तर हिरवी चिठ्ठी लावायची, नसेल तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचं. हे काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं की रविवारीही उतरत नसे. मंडईत त्यांच्याबरोबर जाणं हा मी आयुष्यात एकदाच केलेला प्रकार आहे. त्यांनी एक वांगं उचललं, देठ पाहिला, खालचा भाग पाहिला, उजेडाकडे धरलं, तळहातावर तोललं आणि खाली ठेवलं. मग दुसरं उचललं. भाजीवाली तराजू हातात धरून बघत होती. शेवटी म्हणाली, "काका, वांगी घ्यायला आलाय का स्थळ बघायला?" साडूभाऊंनी तिसरं वांगं न्याहाळत गंभीरपणे सांगितलं, "स्थळ बघायला इतका वेळ लागला नव्हता." शेजारी पिशवी धरून उभ्या असलेल्या ताई, म्हणजे आमच्या थोरल्या मेव्हणीबाई, पिशवी तिथेच ठेवून बसस्टॉपकडे चालू लागल्या.

महागाई मोजायची त्यांची रीत स्वतंत्र आहे. सरकार काय मोजतं ते सरकारला ठाऊक, साडूभाऊ केस कापायचा दर मोजतात. त्यांचं म्हणणं असं, की गहू-तांदळाच्या भावात पाऊसपाणी येतं, पेट्रोलच्या भावात अरबस्तान येतो. पण कात्री तीच, खुर्ची तीच, कापणारा माणूस तोच, तेव्हा दर वाढला तर ती शुद्ध महागाई. पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हापासूनचा प्रत्येक दर त्यांना तोंडपाठ आहे. अडचण एवढीच, की दर वाढत गेला तसे त्यांचे केस कमी होत गेले, त्यामुळे त्यांच्या हिशेबानं महागाई सरकारी आकड्याच्या कितीतरी पट झाली. एकदा त्यांनी हे न्हाव्यालाच समजावून सांगितलं आणि दर केसांच्या प्रमाणात असावा असं सुचवलं. न्हावी त्यांच्याच वयाचा. त्यानं मानेवरचा कपडा झटकला आणि म्हणाला, "कापायचे पैसे कुठं घेतो मी? शोधायचे घेतो." साडूभाऊंना हे पटलं. त्या दिवसापासून ते खुशाली म्हणून पाच रुपये जास्त ठेवतात आणि ते पाच रुपये महागाईत धरत नाहीत.

आता खोक्यांबद्दल. त्यांच्या घरात आलेल्या कुठल्याही वस्तूचा खोका कधी बाहेर गेलेला नाही. मिक्सर तीनदा बदलला. तिन्ही खोके माळ्यावर आहेत, आत थर्माकोल जसाच्या तसा बसवलेला. इस्त्रीचा आहे, घड्याळाचा आहे, मुलीच्या पहिल्या बुटांचाही आहे. ताई म्हणतात, "आमच्या माळ्यावर सगळा संसार आहे, फक्त वस्तू नाहीत." टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक इतकं जुनं झालंय की आकडे दिसत नाहीत, पण ते काढलं तर रिमोट खराब होईल, म्हणून बटणं अंदाजानं दाबायची. असं का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मालाला किंमत वेष्टनाची असते. उघडला की निम्मा गेला."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीला, देश मोकळा झाला असं सगळे म्हणत होते तेव्हा, रिक्षावाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळं पुणं शेअरचे अर्ज भरत होतं. साडूभाऊंनीही भरले. बाजार चढला तसे त्यांनी आणखी घेतले आणि अगदी माथ्यावर, म्हणजे जिथून पुढे फक्त खाली जाता येतं तिथे, प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे घातले. मग जे झालं ते सगळ्यांचंच झालं. त्यांचं इतकंच विशेष, की ज्या कंपनीत सर्वांत जास्त पैसे होते तिच्या ऑफिसच्या जागी पुढे मंगल कार्यालय झालं आणि त्यांना तिथल्या एका लग्नाला जावं लागलं. जेवणावळीत त्यांनी तिसऱ्यांदा जिलबी मागून घेतली. "लाभांश," ते मला हळूच म्हणाले.

पडलेल्या बाजारातून जे काही हाती आलं त्यातून त्यांनी एक ठराव केला. शेअर म्हणजे कागद. आता धरायची ती वस्तू. त्याच सुमाराला कारखान्यातला एक साहेब प्रशिक्षणासाठी जपानला जाऊन आला आणि येताना हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम घेऊन आला. राखाडी रंगाचा, साबणाच्या मोठ्या वडीएवढा डबा, छोटासा हिरवट पडदा, वरून ठोकळे पडत राहतात आणि ते ओळीनं रचायचे. साडूभाऊंनी दोन घेतले, प्रत्येकी चोवीसशे रुपयांना. तेव्हा त्यांचा महिन्याचा किराणा त्याहून कमी होता. ताईंनी दोन कशाला म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं, "एक वापरायचा माल आणि एक ठेवायचा माल."

वापरायचा मुलीला मिळाला. ती तेव्हा तिसरी-चौथीत असेल. तिनं तो इतका वापरला की बटणांवरची अक्षरं पुसली गेली. बापलेक आळीपाळीनं खेळत आणि मुलगी जिंकली की साडूभाऊ तिच्या हातावर हिरवी चिठ्ठी चिकटवत. दोनेक वर्षांनी तो बंद पडला. बुधवार पेठेत दुरुस्तीवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पण त्यातला सुटा भाग इकडे मिळत नव्हता. मग मुलीनं अगदी साहजिक गोष्ट केली. कपाटावर, उशीच्या अभ्र्यात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला दुसरा मागितला. साडूभाऊ नाही म्हणाले. ती रडली, जेवली नाही, ताई मध्ये पडल्या. साडूभाऊ एकच वाक्य बोलत राहिले, "तो खेळायचा नाही, ठेवायचा आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी बुधवार पेठेतूनच टीव्हीला जोडायचा स्वस्तातला गेम आणून दिला. मुलीनं त्याला हात लावला नाही. त्याचाही खोका माळ्यावर गेला, पहिल्यांदाच वस्तूसकट.

पुढे कारखाना बंद झाला. साडूभाऊ ठरावीक रक्कम घेऊन घरी बसले. निघताना टाकून द्यायला काढलेली हिरव्या चिठ्ठ्यांची गुंडाळी तेवढी मागून आणली. कारखान्याच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी एकीत त्यांच्या मुलीला कॉम्प्युटरची नोकरी लागली. ते तिला पहिल्या दिवशी सोडायला गेले होते. कितव्या मजल्यावर, कुठल्या बाजूला बसतेस, असं सगळं विचारून घेतलं आणि समाधानानं म्हणाले, "बरोबर. तिथे आमचा परत पाठवायचा माल ठेवत." मधल्या काळात बाजार पडला, उठला, पुन्हा पडला आणि शेवटी इतका वर गेला की चोवीसशे रुपयांचे नुसते बरे शेअर झोपवून ठेवले असते तरी मुलीचं शिक्षण झालं असतं. साडूभाऊ लांबून बघत राहिले. अधूनमधून मोह व्हायचा, एखादा शेअर घ्यायचे, नातेवाईक सावध व्हायचे. कपाटावरचा खोका मात्र हलला नाही. ताई झाडलोट करताना त्याला नावं ठेवायच्या, पाहुणे हसायचे, आणि मुलगी, मोठी झाल्यावरही, त्याच्याकडे बघायची नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी ताईंचे गुडघे गेले. जिन्याचे तीन मजले, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी एक गुडघा तरी लगेच बदला म्हणून सांगितलं. विम्यातून काही मिळणार होतं, वरचे लाखभर घरातून घालायचे होते. मुलगी म्हणाली, मी भरते. तिला ते जड नव्हतं. साडूभाऊंनी ऐकलं नाही. "आईचा गुडघा माझ्याकडे," ते म्हणाले. पेन्शन नाही, व्याजाचे दर उतरलेले, केस कापायचा दर दीडशेवर गेलेला. पैसे कुठून आणणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ताई मात्र कठड्याला धरून एकेक पायरी चढत राहिल्या.

आणि मग जे घडलं ते माझ्या हिशेबी डोक्यातही बसायला वेळ लागला. करोनात घरात कोंडून राहिलेल्या दिवसांत जगभरच्या चाळिशीतल्या माणसांना आपल्या लहानपणाची आठवण झाली होती आणि तेव्हापासून जुन्या व्हिडिओ गेमचे भाव चढत होते. मुलीच्या ऑफिसातला एक तरुण असे गेम जमवायचा. बोलता बोलता तिनं कपाटावरच्या खोक्याचा विषय हसण्यावारी काढला. तो हसला नाही. त्यानं फोटो मागवले, मग आणखी फोटो मागवले, वेष्टनाच्या चारी कोपऱ्यांचे मागवले, आणि एक लाख दहा हजार देतो म्हणाला. मी घरी बसून आकडेमोड केली. तेच चोवीसशे मुदत ठेवीत ठेवून फिरवत राहिले असते, तर आज तेवीस-साडेतेवीस हजार झाले असते. म्हणजे साडूभाऊंनी बँकेच्या साडेचार पटींहून जास्त मिळवलं होतं. मी त्यांना तसं फोनवर सांगितलं. मग अतिशय शुद्ध आवाजात ते म्हणाले, "आपण रविवारी अकराला यावं. व्यवहाराला तिऱ्हाईत माणूस असलेला बरा."

मी पावणेअकराला पोहोचलो. ताई खुर्चीत पाय लांब करून बसल्या होत्या. मुलगी आली होती. साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आतबाहेर करत होते. मुलीनं त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं, की खोका आहे तसा द्यायचा आहे, हात लावू नका. त्यामुळे त्यांनी सकाळपासून दोनदा साबणानं हात धुतले होते. अकराला तो तरुण आला. पाठीला सॅक, हातांना पातळ पांढरे मोजे. साडूभाऊंना 'सर' म्हणाला. मुलीनं पाणी दिलं. साडूभाऊ आत गेले आणि चहाच्या ट्रेमध्ये स्वच्छ नॅपकिन पसरून त्यावर गेम ठेवून घेऊन आले.

गेम चालू होता. हिरवट पडद्यावर ठोकळे पडत होते, बारीक आवाजात त्याचं संगीत वाजत होतं आणि पडद्याखाली एक हिरवी चिठ्ठी नीट चिकटवलेली होती. शेजारी खोका होता, कापलेलं वेष्टन घडी करून त्यात ठेवलेलं.

"सर," तो तरुण उभा राहिला. "हे तुम्ही उघडलं?"

"अर्थात," साडूभाऊ म्हणाले. "इतकी वर्षं पडून राहिलेला माल. चालतो की नाही हे न बघता तुम्हाला लाख रुपयांना देऊ? उद्या बंद निघाला तर तुम्ही मला काय म्हणाल?"

"सर, मला तो चालवायचा नव्हता."

"मग घेत कशाला होतात?"

वेष्टनावर आयुष्य काढलेला माणूस ऐन विक्रीच्या दिवशी ते कापतो, याला काय म्हणायचं? पण मी त्यांना ओळखतो. न तपासलेला माल त्यांनी जन्मात कुणाच्या हातात दिला नव्हता आणि लाख रुपयांसाठी पहिल्यांदा द्यायचं त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. बिचाऱ्या तरुणानं मोजे काढले, गेम उलटासुलटा करून बघितला आणि अगदी अदबीनं सांगितलं, की उघडलेल्याला तो अठरा हजार देऊ शकेल. माझ्या डोक्यात लगेच वजाबाकी झाली. मुदत ठेवीपेक्षा साडेपाच हजार कमी. ती मी तोंडातून बाहेर काढली नाही, एवढा शहाणपणा मला त्या दिवशी सुचला.

साडूभाऊ खुर्चीवर टेकले. ताईंच्या गुडघ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "पडलं बा. सारंच पडलं."

एरवी खोक्यावरून दहा वाक्यं ऐकवणाऱ्या ताईंनी त्या वेळी फक्त आपल्यापुढचा चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. ट्रेमध्ये ठोकळे वाटेल तसे पडत होते, कोणी रचत नव्हतं. मुलीनं पुढे होऊन गेम उचलला. "बाबा, घेऊ?" तिनं विचारलं. आज ती स्वतः एका शाळेत जाणाऱ्या मुलाची आई आहे, पण विचारताना ती थांबली.

"सेल नवे घातलेत," साडूभाऊ म्हणाले.

ती खिडकीजवळ उजेडात जाऊन खेळू लागली. बोटांना सगळं आठवत होतं. तो तरुण थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "सर, वीस करतो." साडूभाऊंनी हात वर करून त्याला थांबवलं. "थांबा जरा. तिचा डाव चालू आहे."

तो थांबला. चहा प्यायला, दुसरा चहा प्यायला. डाव काही संपेना. साडूभाऊ उठून मुलीच्या मागे जाऊन उभे राहिले होते आणि तिच्या खांद्यावरून बघत होते. शेवटी तो तरुण चपला घालून, मला नमस्कार करून, हळूच निघून गेला. त्याला दारापर्यंत पोहोचवायला मीच गेलो, कारण घरच्यांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

गुडघ्याचे पैसे मुलीनं भरले. साडूभाऊंनी यावर वाद घातला नाही. दवाखान्यात जाताना तिच्या बरोबरीनं पायऱ्या उतरले आणि बिलाच्या खिडकीशी तिच्या मागे उभे राहिले, एवढंच. ऑपरेशन चांगलं झालं. नंतरचे काही आठवडे ताईंना पाय उशीवर ठेवून पडून राहायचं होतं, टीव्हीचा कंटाळा आला, तेव्हा मुलीनं त्यांच्या हातात तो गेम दिला. मी भेटायला गेलो तर ताई चष्मा नाकावर घेऊन ठोकळे रचत होत्या आणि साडूभाऊ पलंगाशेजारी स्टुलावर बसून "डावीकडे, डावीकडे" म्हणत होते. "तुमचं ऐकून कोणाचं भलं झालंय?" ताई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या आणि उजवीकडे टाकला.

परवा सकाळी फोन आला. जुन्या गेमचे भाव पुन्हा चढलेत, वापरलेल्यालाही खोक्यासकट पस्तीस हजार मिळतायत, असं त्यांना कळलं होतं. मुदत ठेवीच्या पुढे गेलात, मी म्हटलं, आता देऊन टाका. पलीकडे मागे कुठेतरी ते बारीक संगीत आणि ताईंचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"देऊन कसा टाकू बा," साडूभाऊ म्हणाले. "ते खेळून राह्यली नं."

मी फोन ठेवला. तो स्पीकरवर होता, त्यामुळे त्यांची भंडाऱ्याची बोली स्वयंपाकघरापर्यंत गेली होती. बायकोनं आतून विचारलं, "काय हो, बाजार पडला का?"

"नाही," मी म्हटलं. "वर आहे."